मोटारींत स्वहस्तें बसविलेला ध्वनिवर्धक

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा भाचा आमच्या घरीं आला, तो हातांत जळलेल्या तारेचा एक वीतभर तुकडा घेऊन. दहावीच्या वर्गांत शिकणारा हा मुलगा एरवीं मोठा बडबड्या, परंतु त्या दिवशीं त्यानें तो तुकडा माझ्यापुढें ठेवला आणि "मामा, हें असें कां झालें?" एवढेंच विचारलें.

हकीकत अशी कीं, वाढदिवसाचे व बक्षिसाचे पैसे सांठवून त्यानें वडिलांच्या मोटारींत एका दुकानदाराकडून एक अॅम्प्लिफायर व दोन सबवूफर बसवून घेतले होते. तीन आठवडे गाणें झकास वाजलें. चौथ्या आठवड्यांत त्याच्या आजींना रुग्णालयांत नेत असतां बॉनेटच्या फटींतून धूर येऊं लागला. आजींना आठवड्यांतून दोनदां, मंगळवारीं व शुक्रवारीं, रक्तशुद्धीच्या उपचारासाठीं न्यावें लागतें. आमच्या मेहुण्यांनीं प्रसंगावधान राखून गाडी कडेला घेतली, सर्वांना खालीं उतरविलें, व पान्यानें बॅटरीची तार सोडविली म्हणून निभावलें. घरीं आल्यावर ते मुलाला रागावले नाहींत. "हें सगळें काढून टाक, आईच्या जिवाहून गाणें मोठें नाहीं," एवढेंच म्हणाले. "ते रागावले असते तर बरें झालें असतें," असें भाचा मला म्हणाला.

मीं त्याला सांगितलें, "काढावयाचें तर आहेच. पण काढतांना काय चुकलें तें पाहूं. आणि नीट कळलें तर आपल्या हातांनीं पुन्हां बसवूं." मेहुण्यांनीं एका अटीवर परवानगी दिली: मंगळवारीं सकाळीं सात वाजतां गाडी बिनतक्रार दारांत उभी पाहिजे. शनिवार, रविवार व सोमवार असे तीन दिवस आमच्या हातीं होते. त्या तीन दिवसांत आम्हीं काय केलें व कां केलें, तें येथें क्रमानें सांगतों. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांना ही हौस आहे, आणि त्यांच्या पालकांना तिची धास्ती आहे. दोघांनाही या माहितीचा उपयोग व्हावा.

प्रथम ध्वनीविषयीं थोडें. ध्वनि म्हणजे हवेचें कंपन. सेकंदाला होणाऱ्या एका कंपनास एक हर्ट्झ म्हणतात. मनुष्याच्या कानाला सुमारें २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. बांसरीचा स्वर शेंकडों हर्ट्झांचा असतो. ढोलाचा ठोका किंवा पखवाजाच्या डाव्या अंगाचा घुमारा हा शंभराच्या आसपास व त्याहूनही खालीं असतो. ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणून १,००० हर्ट्झच्या स्वराची लाट जेमतेम ३४ सेंटिमीटर लांब, तर ५० हर्ट्झच्या स्वराची लाट जवळजवळ सात मीटर लांब भरते. ही लांब लाट उत्पन्न करण्यास पुष्कळ हवा ढकलावी लागते. स्वर निम्मा खालीं उतरला आणि ध्वनीचा जोर तोच ठेवावयाचा असला, तर कर्ण्याच्या पडद्याला चौपट अंतर हलावें लागतें. मोटारीच्या दारांतील पांच-सहा इंची कर्ण्याला हें झेपत नाहीं. त्यासाठीं मोठ्या पडद्याचा, जाड कडेचा व लांब पल्ल्यानें हलणारा जो कर्णा करतात, तोच सबवूफर होय.

कर्ण्याची घडण सोपी आहे. लोहचुंबकाच्या अरुंद फटींत तारेचें एक वेटोळें लोंबत असतें व तें पडद्याला चिकटविलेलें असतें. वेटोळ्यांतून उलटसुलट विजेचा प्रवाह गेला कीं तें मागेंपुढें हलतें, त्याबरोबर पडदा हलतो व हवा हलते. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनीं १९२५ सालीं या रचनेला जें रूप दिलें, तेंच मूळ तत्त्व आजच्या कर्ण्यांतही कायम आहे.

आतां पेटी कशाला हवी? पडदा पुढें सरकला कीं पुढची हवा दाबली जाते. परंतु त्याच क्षणीं मागची हवा विरळ होते. कर्णा उघडा ठेवला तर पुढची दाबलेली हवा वळसा घेऊन मागें जाते, दोन्ही लाटा एकमेकींना खातात आणि ठोका नाहींसा होतो. आम्हीं हें प्रत्यक्ष करून पाहिलें. पेटींतून काढलेला सबवूफर हातांत धरून हलक्या आवाजांत वाजविला, तर नुसती फडफड ऐकूं आली. तोच पेटींत घट्ट बसवितांच घुमूं लागला. भाच्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशीं प्रथम हसूं दिसलें.

दुकानदाराची पेटी पातळ फळीची होती व तिचे सांधे सुटले होते. म्हणून शनिवारीं आम्हीं १८ मिलिमीटर जाडीच्या एम. डी. एफ. फळीची नवी बंद पेटी केली. कर्ण्याबरोबर मिळणाऱ्या पत्रकांत त्याला किती लिटर हवेची पेटी लागते, हें दिलेलें असतें. तें पाहिल्याशिवाय करवत उचलूं नये. आमच्या दहा इंची कर्ण्यांना प्रत्येकीं २० ते २५ लिटर जागा सांगितली होती. आंतील मापें ४० × ३० × २० सेंटिमीटर धरलीं कीं २४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे २४ लिटर भरतात. त्यांतून कर्ण्यानें अडविलेली दीड-दोन लिटर जागा वजा जाते. असे दोन कप्पे मध्यें आडफळी घालून एकाच पेटींत केले. सांध्यांना सरस व स्क्रू, आणि आंतून सिलिकॉन भरून त्या हवाबंद केल्या. फळीचा भुसा फुफ्फुसांस अपायकारक असतो, यास्तव कापतांना दोघांनींही नाकातोंडावर मास्क व डोळ्यांना चष्मा लावला होता.

पेटी व कर्णे मिळून वजन वीस-पंचवीस किलो भरलें. एवढें ओझें डिकींत मोकळें ठेवणें हा गुन्हाच समजावा. गाडी एकाएकी थांबली कीं तें मागच्या आसनावर आदळेल, आणि त्या आसनावर आजी बसतात. म्हणून पेटी लोखंडी पट्ट्यांनीं गाडीच्या तळाला बोल्ट लावून जखडली. बोल्टासाठीं भोंक पाडण्यापूर्वीं खालून वाकून पाहावें. तळाखालून पेट्रोलची व ब्रेकची नळी जात असते. ज्यांच्या डिकींत गॅसची टाकी आहे, त्यांनीं तर डिकींतील हा उद्योग करूंच नये. तसेंच ज्या तारांच्या जोडण्या पिवळ्या रंगाच्या असतात त्या अपघातकाळीं फुगणाऱ्या हवेच्या पिशव्यांच्या, आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी तारा या फार मोठ्या दाबाच्या. या दोहोंना हात लावूं नये.

रविवारचा दिवस विजेचा. येथेंच मूळ चूक दडली होती, म्हणून वाचकांनीं थोडें गणित सोसावें. अॅम्प्लिफायरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत हजार वॅट, दोन हजार वॅट असें छापलेलें असतें. तो आंकडा क्षणिक कमाल शक्तीचा असतो व त्यावर विसंबूं नये. पाहावयाचा आंकडा आर. एम. एस. या अक्षरांपुढें लिहिलेला असतो; सतत मिळणारी शक्ति ती हीच. आमचा अॅम्प्लिफायर ३०० वॅटचा निघाला. आंत घेतलेल्या शक्तीपैकीं सुमारें ८० टक्के तो कर्ण्यांना देतो, बाकीची उष्णतेंत जाते. म्हणजे त्याला ३७५ वॅट घ्यावे लागतात. गाडी चालू असतां विजेचा दाब १३.८ व्होल्टच्या सुमारास असतो. ३७५ ला १३.८ नें भागलें कीं सुमारें २७ अँपिअर प्रवाह येतो. घरांतील पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा प्रवाह किती मोठा आहे तें कळेल.

हा प्रवाह बॅटरीपासून डिकीपर्यंत सुमारें पांच मीटर न्यावयाचा. दुकानदारानें वापरलेली तांब्याची तार २.५ चौरस मिलिमीटर जाडीची होती. तिच्या पांच मीटरांचा रोध ०.०३४ ओहम, २७ अँपिअरला तिच्यांत सुमारें २५ वॅट उष्णता उत्पन्न होते व जवळजवळ एक व्होल्ट वाटेंतच गळतो. आम्हीं घेतलेली आठ गेजची तार सुमारें ८ चौरस मिलिमीटर जाडीची. तिच्यांत ही उष्णता आठ वॅटांच्या आंत राहते. बाजारांत तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची तारही त्याच जाडीची म्हणून मिळते. ती स्वस्त असते, पण तिचा रोध अधिक असतो. चाकूनें एक तंतु खरवडून पाहावा. आंतून पांढरा दिसला तर ती तार एवढ्या कामास घेऊं नये.

परंतु केवळ बारीक तार एवढ्यानें धूर निघाला नव्हता. बॅटरी बॉनेटखालीं असते व तेथून तार प्रवाशांच्या बाजूस आणावयाची तर मधल्या पत्र्याच्या भिंतींतून काढावी लागते. दुकानदारानें त्या भिंतीला भोंक पाडून तार तशीच ओढली होती. तीन आठवडे गाडीच्या थरथरीनें पत्र्याची धार तारेच्या आवरणावर घासत राहिली, आणि एके दिवशीं तांबें पत्र्याला टेकलें. गाडीचा सर्व सांगाडा हा बॅटरीच्या ऋण टोंकाला जोडलेला असतो. म्हणजे धन टोंक सरळ ऋण टोंकाला भिडलें. अशा वेळीं मोटारीची बॅटरी शेंकडों अँपिअर प्रवाह ओतूं शकते. तीनशें अँपिअर धरले, तरी त्या बारीक तारेच्या एका मीटरांत सहाशें वॅटांहून अधिक उष्णता होते. हजार वॅटच्या इस्त्रीच्या निम्म्याहून अधिक आंच त्या बोरूएवढ्या तारेंत! भाच्यानें आणलेला तुकडा तो हाच.

"मग फ्यूज कां जळाला नाहीं?" त्यानें विचारलें. आम्हीं शोधूं लागलों, तों फ्यूज होता, पण डिकींत, अॅम्प्लिफायरच्या अंगालाच! तारेचें पत्र्याला टेकलेलें ठिकाण बॅटरी व फ्यूज यांच्या मध्यें होतें. तेव्हां तो सगळा प्रवाह फ्यूजकडे फिरकलाच नाहीं. येथें मुख्य गोष्ट सांगावयाची ती ही कीं, मुख्य तारेवरील फ्यूज हा अॅम्प्लिफायरच्या रक्षणासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं असतो. म्हणून तो बॅटरीपासून फार तर हातभर, म्हणजे ४५ सेंटिमीटरांच्या आंत बसविला पाहिजे. पाणी मुरत असेल तर नळ टाकीजवळ बंद करावा लागतो, न्हाणीघरांत नव्हे. आम्हीं ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून एका वितीवर बसविला.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा. प्रथम बॅटरीचें ऋण टोंक सोडवावें, आणि सर्व काम झाल्यावर तेंच शेवटीं जोडावें. हा क्रम उलटा केला आणि धन टोंक सोडवितांना पाना चुकून पत्र्याला लागला, तर पान्यांतूनच तो प्रचंड प्रवाह वाहील. ऋण टोंक आधीं सुटलें असलें म्हणजे पाना कोठेंही लागो, मंडल पुरें होत नाहीं. हातांतील आंगठी व मनगटावरील धातूचें कडें याच वेळीं काढून ठेवावें.

नंतर तार भिंतींतून नेतांना भोंकाला रबराचें कडें, ज्याला ग्रोमेट म्हणतात, तें बसवावें व तारेवर नागमोडी नळी चढवावी. मुख्य तार गाडीच्या एका कडेनें गालिच्याखालून न्यावी. संगीताचा क्षीण प्रवाह नेणाऱ्या आर. सी. ए. तारा दुसऱ्या कडेनें न्याव्या. दोन्ही शेजारीं ठेवल्या तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी एक बारीक शीळ गाण्यांत ऐकूं येण्याचा संभव असतो. प्लेअरच्या मागें बहुधा निळी-पांढरी एक बारीक तार असते. ती अॅम्प्लिफायरला जागें करणारी. प्लेअर बंद होतांच अॅम्प्लिफायरही बंद व्हावा, हें तिचें काम. ती न जोडतां अॅम्प्लिफायर कायम चालू ठेवला, तर तो रात्रभर बॅटरी पीत राहतो, आणि सकाळीं गाडी उठत नाहीं.

अॅम्प्लिफायरची ऋण तारही धन तारेइतकीच जाड व जितकी आंखूड तितकी बरी. ती डिकींतील पत्र्याला जोडतांना तेथील रंग पूर्ण खरवडून चकचकीत लोखंड उघडें करावें, दांतेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा, व गंज चढूं नये म्हणून वरून थोडें ग्रीस लावावें. आसनपट्ट्याचा बोल्ट यासाठीं वापरूं नये. तो जिवाच्या रक्षणाचा आहे. दुकानदारानें ही तार रंगावरच आवळली होती. रंग विजेला अडवितो, हें आमच्या सातवीच्या मुलालाही ठाऊक आहे. पण घाईंत माणूस ठाऊक असलेलेंही विसरतो.

आतां कर्ण्यांची जोडणी. आमचे दोन्ही कर्णे प्रत्येकीं ४ ओहम रोधाचे. ते एकापुढें एक जोडले तर ४ व ४ मिळून ८ ओहम होतात. समांतर जोडले तर प्रवाहाला दोन वाटा मिळून २ ओहम होतात. अॅम्प्लिफायर २ ओहमपर्यंत सोसतो असें त्याच्या पत्रकांत लिहिलें होतें, म्हणून समांतर जोडले. त्याहून कमी रोध जोडला असता तर तो तापून बंद पडला असता किंवा जळला असता. धन टोंकाला धन व ऋण टोंकाला ऋण जोडलें आहे ना, हें पाहण्यास दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. सेलाचें धन टोंक कर्ण्याच्या धन खुणेला क्षणभर लावावें. पडदा बाहेर आला तर खूण बरोबर. दोहोंपैकीं एक उलटा जोडला गेला, तर एक हवा ढकलील व दुसरा ओढील, आणि दोघे मिळून कांहींच ऐकवणार नाहींत.

सोमवार जुळवणीचा. अॅम्प्लिफायरवर गेन नांवाची एक खुंटी असते. तिला लोक आवाजाची खुंटी समजतात व शेवटपर्यंत पिळतात. वास्तविक, प्लेअरकडून येणाऱ्या प्रवाहाशीं अॅम्प्लिफायरचा मेळ घालणें एवढेंच तिचें काम. ती अधिक फिरविली तर लाटेचे माथे कापले जातात. गोल डोंगराचें पठार व्हावें तशी लाट सपाट होते. अशी लाट कर्ण्याच्या वेटोळ्याला भाजून काढते, व कांहीं मिनिटांत जळका वास येतो. आम्हीं कर्णे सोडवून ठेवले, प्लेअरचा आवाज पाऊण भागावर आणला, ५० हर्ट्झचा सलग स्वर वाजविला, आणि मल्टिमीटरनें अॅम्प्लिफायरच्या टोंकांतील उलटसुलट प्रवाहाचा दाब मोजला. किती दाब हवा? शक्ति व रोध यांच्या गुणाकाराचें वर्गमूळ. ३०० गुणिले २ म्हणजे ६००. त्याचें वर्गमूळ सुमारें २४.५. गेन हळूहळू फिरवून मीटर २४ वर येतांच हात थांबविला. भाचा म्हणाला, "मामा, हें वर्गमूळ परीक्षेबाहेर प्रथमच उपयोगी पडलें." नंतर ८० हर्ट्झच्या वरचे स्वर सबवूफरकडे जाऊं नयेत अशी चाळणी लावली व ठोका वाढविण्याची खुंटी शून्यावर ठेवली.

एक गोष्ट राहिली, आणि ती यंत्राची नसून माणसाची आहे. मोटारीची खोली लहान व बंद; तींत ध्वनि सहज चढतो. अमेरिकेंतील कामगार-आरोग्य संस्थेनें घालून दिलेलें प्रमाण असें कीं, ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाकांठीं आठ तासच सोसावा; आणि पुढें दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा करावा. या हिशेबानें ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास आणि १०० डेसिबेलला अवघा पाव तास उरतो. कानाच्या आंतील सूक्ष्म केसांच्या पेशी एकदां मेल्या म्हणजे मनुष्यांत पुन्हां उगवत नाहींत. जळलेली तार बदलतां येते, या पेशी बदलतां येत नाहींत. शिवाय शेजाऱ्यांचाही हक्क आहे. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनीं वस्तीच्या भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे, आणि रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्या सभोंवार शंभर मीटरांचा शांततेचा टापू जाहीर करतां येईल असें म्हटलें आहे. ठोक्याच्या लांब लाटा कांच व भिंत यांना फारशा जुमानीत नाहींत. आपल्याला गाडींत गोड लागणारा ठोका शेजारच्या घरांत आजाऱ्याच्या उशाशीं धडधडत असतो.

सोमवारीं रात्रीं सर्व जोडून आम्हीं गाडी तशीच उभी ठेवली. भाच्याला झोंप लागली नसावी, पहाटे साडेपांचला तो मीटर घेऊन खालीं गेला, आणि परत येऊन "साडेबारा व्होल्ट!" असें त्यानें मला जागें करून सांगितलें. बॅटरी रात्रभर जागची हलली नव्हती. सात वाजतां किल्ली फिरवितांच गाडी सुरू झाली. आजी मागें बसल्या. त्यानें हलक्या आवाजांत अभंगांची एक ध्वनिमुद्रिका लाविली. चौकापर्यंत कोणी बोललें नाहीं. मग आजी म्हणाल्या, "मृदंग अगदीं जवळ बसून ऐकल्यासारखा वाटतो रे. पण थोडा कमी कर; मागच्या गाडीचा हॉर्न ऐकूं आला पाहिजे." त्यानें लगेच कमी केला.

मेहुण्यांनीं मात्र गाण्याविषयीं कांहींच अभिप्राय दिला नाहीं. रुग्णालयाच्या आवारांत शिरण्यापूर्वीं त्यांनीं स्वतःच प्लेअर बंद केला, आणि आजींना आंत सोडून आल्यावर बॉनेट उघडून ते मुलाला म्हणाले, "तो फ्यूज कोठें बसविला आहेस, तो मला दाखवून ठेव." भाच्यानें तो दाखविला, काढून दाखविला, पुन्हां बसविला, आणि जवळ ठेवण्यासाठीं एक जादा फ्यूज वडिलांच्या हातांत दिला. त्यांनीं तो खिशांत घातला.

विद्यार्थिमित्रांनो, स्वतःच्या हातांनीं काम करावें. परंतु ज्या तारेला आपण हात लावतों तिच्यांतून काय वाहतें, किती वाहतें, आणि वाट चुकलें तर कोठें जाईल, एवढे तीन प्रश्न आधीं स्वतःला विचारावे. उत्तर येत नसेल तर जाणत्याला विचारण्यांत कमीपणा नाहीं. तो जळका तुकडा आतां आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटांत, ओहमच्या नियमाच्या तक्त्याखालीं ठेवला आहे. ज्याला पाहावयाचा असेल, त्यानें मधल्या सुटींत यावें.